सरदारची साखर तीनशे अठ्ठेचाळीस

मनुष्याचे रक्त लाल असते आणि कासवाचे रक्तही लालच असते. निसर्गाने केलेली ही व्यवस्था किती दूरदृष्टीची आहे, हे कोल्हापूर शहराच्या लक्षात येण्यास बराच काळ जावा लागला. परंतु एकदा लक्षात आल्यावर शहराने तिचा जो सदुपयोग केला, तो अन्य जिल्ह्यांनी अभ्यासावा असा आहे.

शिरोली एमआयडीसीत बाळासो चौगुले यांची फौंड्री आहे. वय वर्षे चौपन्न. तरुणपणी तालमीत कमावलेला देह, अद्याप हुकमात असलेली मिशी, आणि आजार ही नेहमी दुसऱ्याला होणारी गोष्ट आहे, असे ठाम मत. त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला अडीच महिन्यांपासून एक जखम होती. "नवं पायताण लागलंय," असे ते विचारणाऱ्यास सांगत. (पायताण दोन वर्षांचे होते.) दिवसातून अकरा तांबे पाणी लागे, त्याचे कारण फौंड्रीतील भट्टीची धग. रविवारी भट्टी बंद असे, त्या दिवशीचे कारण सवय.

त्यांच्या पत्नी संयोगिता यांना मात्र अंगठा आणि तांब्या या दोन बाबी एकत्र दिसत होत्या. बाळासोंचे थोरले बंधू, गडहिंग्लजचे दादा, यांचा पाय गुडघ्याखालून गेला, तो अशाच एका अंगठ्यापासून सुरुवात करून.

"अवं, एकदा रगात तपासून घ्या की."

"मला काय धाड भरलीया?"

हा संवाद वर्षभरात सुमारे एकशे चाळीस वेळा झाला, आणि दोन्ही पक्षांनी त्यातील एक अक्षरही बदलले नाही.

चौगुले यांच्या घरी सरदार नावाचे एक कासव आहे. परदेशी जातीचे, रीतसर नोंदणीचा कागद असलेले, नऊ वर्षांचे आणि स्वभावाने मालकासारखेच, म्हणजे काही अप्रिय घडू लागले की मान आत घेणारे. जानेवारी महिन्यात सरदारने चार दिवस अन्नपाणी सोडले. पोटच्या पोराला ताप आला तेव्हा फौंड्री सोडून न आलेले बाळासो या वेळी भट्टी मुकादमावर टाकून घरी आले, आणि सरदारला टोपलीत घेऊन, पत्नीसह, मंगळवार पेठेतील जनावरांच्या दवाखान्यात हजर झाले.

या दवाखान्याच्या डॉक्टर क्रांती यांनी त्याच आठवड्यात हातात मावणारे एक रक्ततपासणी यंत्र आणले होते. त्यापूर्वी कासवाचे रक्त पुण्याला जात असे, आणि ते जाऊन येईपर्यंत कित्येकदा कासवही गेलेले असे. (कासव परत येत नसे, एवढाच फरक.) नव्या यंत्रास दोन थेंब आणि बारा मिनिटे पुरत. रुग्ण कोणता, हे मात्र त्यास आधी सांगावे लागे. यंत्राचा कारभार कंपाउंडर केरबा यांच्याकडे होता. एकतीस वर्षे म्हशींना सुई टोचलेल्या या गृहस्थांनी बटण दाबून ठेवले, "कासव", आणि ते सुई घेऊन उभे राहिले.

सरदारने मान आत घेतली.

"घाई करायची नाही, काका," डॉक्टर बाळासोंना म्हणाल्या. "मानेजवळून दोनच थेंब घ्यायचे आहेत. बाहेर येऊ दे."

पस्तीस मिनिटे गेली.

"भ्यालंय," केरबा म्हणाले. "मालकावर गेलंय."

हे शब्द बाळासोंच्या वर्मी लागले. तालमीची रीत अशी की, कोणताही डाव वस्ताद आधी स्वतः करून दाखवतो आणि मग पठ्ठ्याला सांगतो. बाळासोंनी बाही वर सारली, टोपलीपुढे उकिडवे बसले आणि उजव्या हाताचे बोट केरबांपुढे धरले.

"सरदार, हिकडं बघ. मुंगी चावल्यागत असतंय. टोच रं केरबा."

केरबांनी टोचले. रक्ताचे दोन टपोरे थेंब आले. आता, निघालेले रक्त वाया घालवणे केरबांच्या तत्त्वात बसत नव्हते, आणि यंत्राचे तोंड उघडेच होते.

बारा मिनिटांत यंत्राने कागद दिला: रुग्ण सरदार, जात कासव, नर, साखर तीनशे अठ्ठेचाळीस. दरम्यान हे काय चालले आहे ते पाहण्यासाठी सरदारने मान बाहेर काढली होती, तेव्हा त्याचेही दोन थेंब घेण्यात आले. यंत्रास आता दुसरे नाव हवे होते. केरबांनी समोर दिसले ते लिहिले. दुसरा कागद आला: रुग्ण बाळासो, साखर बहात्तर.

डॉक्टरांनी दोन्ही कागद वाचले. "केरबामामा, ही तीनशे अठ्ठेचाळीस कुणाची?"

"यंत्र म्हणतंय, कासवाची."

डॉक्टरांनी बाळासोंकडे पाहिले. बाळासोंनी भिंतीकडे पाहिले. तेथे गाईच्या चार पोटांचा तक्ता होता, आणि तो त्यांनी एवढ्या बारकाईने वाचला की आज विचारले तरी चारही पोटांची नावे ते क्रमाने सांगतील. परंतु तक्त्याच्या जागी त्यांना दिसत होती गडहिंग्लजच्या दादांच्या पायजम्याची दुमडून पिनेने टाचलेली डावी बाजू.

"सरदारला साखर निघाली म्हणा की," शेवटी ते म्हणाले. आवाज फौंड्रीतला नव्हता.

डॉक्टर काही बोलणार, एवढ्यात संयोगिता पुढे झाल्या. "निघाली तर निघाली. पथ्य सांगा, डॉक्टर. आणि ह्यांनाच सांगा. सरदार ह्यांचंच तेवढं ऐकतंय."

डॉक्टर क्रांती यांनी विद्यापीठाची पदवी घेतलेली होती. तथापि त्या मूळच्या कोल्हापूरच्याच. त्यांनी सरदारच्या कागदावर लिहिले: गोड पूर्ण बंद, सकाळच्या उन्हात रोज एक तास, आणि रुग्णास मालकासह आजच्या आज वरच्या मजल्यावर दाखवावे. (उन्हाची सूचना मात्र खऱ्या सरदारसाठी होती. चार दिवस जिन्याखालच्या अंधारात राहिल्याने त्याचे खाणे सुटले होते. त्याची टोपली गच्चीवरून जिन्याखाली कोणी नेली, याची चौकशी झाली नाही. संयोगिता त्या वेळी पदराने टोपली पुसत होत्या.)

वरच्या मजल्यावर डॉक्टर तोहिद हे माणसांचे डॉक्टर बसतात. त्यांनी कागद पाहिला, टोपली पाहिली, अंगठा पाहिला आणि व्यवसायाला शोभेल अशा गांभीर्याने कासवाची तपासणी सुरू केली. कासवास दंड नसल्यामुळे रक्तदाबाचा पट्टा बाळासोंच्या दंडाला बांधला. खात्रीसाठी पुन्हा रक्त काढले, ते माणसाच्या यंत्रावर, कारण कासवाचे यंत्र खाली राहिले होते. जखमेची मलमपट्टीही त्यांनी बाळासोंच्याच अंगठ्यावर करून दाखवली.

"कासव लवकर आणलंत, बरं केलंत," तोहिदभाई म्हणाले. "अजून महिनाभर थांबला असतात तर पाय वाचवणं अवघड होतं."

"कासवाचा," बाळासो म्हणाले.

"कासवाचाच," तोहिदभाई म्हणाले.

तेव्हापासून चौगुले यांच्या घरी सरदारचे पथ्य सुरू झाले. सरदार गोळी खात नाही, सबब रोज न्याहारीआधी बाळासो त्याच्यापुढे बसून एक गोळी गिळून दाखवतात. सरदार ते पाहतो आणि जास्वंदीच्या पानाकडे वळतो. त्याची खात्री अद्याप पटलेली नाही, म्हणून उद्या पुन्हा दाखवावे लागते. सकाळी रंकाळ्यावर टोपली कट्ट्यावर उन्हात ठेवून, कसे चालावे हे बाळासो त्याला तासभर चालून दाखवतात. लग्नाच्या पंगतीत जिलबीचे ताट पुढे आले की ते हात आडवा धरतात. "सरदारचं पथ्य हाय. त्यानं सोडल्यालं आमी कसं खावं?" यावर वाढपी ताट पुढे नेतो, इमानापुढे कोल्हापुरात आग्रह चालत नाही. दुसरा कागद, साखर बहात्तरचा, फौंड्रीच्या कचेरीत चौकटीत लावला आहे. येणारा प्रत्येक माणूस त्याचे कौतुक करतो, आणि ते रास्तच आहे, कारण नऊ वर्षांच्या कासवास एवढी साखर उत्तम समजली जाते.

सात आठवड्यांत जखम भरली. बातमी तालमीत गेली, आणि तेथून तिला आवरणे कोणाच्या हातात नव्हते.

पहिल्या महिन्यात बाळासोंचे एकोणीस जुने जोडीदार दवाखान्यात येऊन गेले. पहिले तिघे सरदारलाच उसना घेऊन आले. चौथ्याने घरात शोभेसाठी ठेवलेले पितळेचे कासव आणले. पाचव्यापासून कोणी काहीच आणले नाही. "कासव घरी हाय," एवढे सांगणे पुरेसे ठरले. डॉक्टर क्रांती यांनी दारावर पाटी लावली: येथे फक्त प्राण्यांची तपासणी होते. पाटीबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती, कारण सगळे प्राण्यासाठीच आले होते. मग त्यांनी केरबांना एक वही दिली आणि येईल त्याची नोंद करून त्यास थेट वर पाठवण्याचे फर्मान काढले.

त्या वहीनुसार अकरा महिन्यांत चारशे बारा कासवे वर पाठवण्यात आली. दोनशे सात कासवांना साखर निघाली, एकशे एकतीस कासवांना रक्तदाब, नऊ कासवांना तंबाखूचा खोकला. दोन कासवे घोरत होती. एका कासवास कचेरीत दाखवण्यासाठी आठवड्याच्या रजेचा दाखला हवा होता. (शहरात प्रत्यक्ष कासवे, सरदार धरून, सहा आहेत.) सर्व रुग्ण नर असून पंचेचाळीस ते साठ या वयोगटातील आहेत. कासवीण आजारी पडत नाही, असा निष्कर्ष यावरून निघतो, आणि तो कोल्हापूरच्या सर्व घरांत फार पूर्वीपासून मान्य आहे.

मागच्या आठवड्यात सरदारचा नवा कागद आला. साखर एकशे अठरा. पेढे वाटावेत तर पथ्य आडवे आले, म्हणून बाळासोंनी दवाखान्यात फुटाणे वाटले. संयोगिता दोन पायऱ्या चढून आल्या आणि टेबलाला धरून क्षणभर उभ्या राहिल्या. डॉक्टर क्रांती यांनी त्यांची नखे पाहिली. ती पांढरी होती.

"काकी, तुमचं रक्त शेवटचं कधी तपासलंत?"

"मला काय धाड भरलीया?"

बाळासोंचा फुटाण्यांचा हात तसाच राहिला. हे वाक्य त्यांनी आजवर एकशे चाळीस वेळा म्हटले होते, पण ऐकले पहिल्यांदाच. ऐकायला ते फार वाईट होते. टेबल धरलेली बोटे अजून सुटली नव्हती.

"केरबा," ते म्हणाले, "वही उघड. सरदारचं लगीन झालंय म्हणून लिही."

"कधी?"

"आत्ताच."

"बायकूचं नाव?"

"सरदारीण."

"येडं का खुळं म्हनायचं तुमास्नी," संयोगिता म्हणाल्या. पण खुर्चीवर बसल्या.

"मुंगी चावल्यागत असतंय," बाळासो म्हणाले. "मी आधी दाखवतो. चल वर." आणि वस्तादाच्या रीतीप्रमाणे जिना आधी ते चढले. प्रत्येक पायरीवर थांबून, मागे पाहून.

केरबांनी नोंद केली: अनुक्रमांक चारशे तेरा, सरदारीण, मादी, पहिलीच. मग त्यांनी पुढची ओळ आखली, चारशे चौदा, आणि पेन उघडेच ठेवले. दवाखान्याच्या दारात रोज बरेच लोक नुसती मजा बघायला उभे राहतात. काही सुशिक्षित मंडळी तर ही हकीकत हसत हसत थेट येथवर वाचत येतात. या दोघांत केरबा भेद करीत नाहीत. चष्म्यावरून पाहत ते सगळ्यांना एकच प्रश्न विचारतात.

"पावणं, तुमच्या कासवाचं नाव काय लिहू?"