नोस्केच्या वेली फार सुखात होत्या

कष्टांवाचून थोरपण नाही, हे माणसांच्या बाबतीत अजून सिद्ध व्हायचं आहे. द्राक्षवेलींच्या बाबतीत मात्र आमच्या समितीने ते एकमताने मंजूर करून टाकलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या बरोसा खोऱ्यातल्या शंभरी ओलांडलेल्या मळ्यांची तांबडी वाईन चाखायची आणि कुठला मळा ऐतिहासिक ते ठरवायचं, हे आमचं काम. मी या समितीचा चिटणीस.

काम दिसतं तितकं सोपं नाही. वाईन तोंडात घोळवून बादलीत थुंकावी लागते. (गिळतो तो गिऱ्हाईक, थुंकतो तो तज्ज्ञ.) मग चव सांगायची: जुनं खोगीर, भिजलेला दगड, लुथरन चर्चचं बाक. बाक कुणी चाटून पाहिलंय का, असं एका नव्या सभासदाने विचारलं होतं. ते आता सभासद नाहीत.

फळाचंही शास्त्र आहे. वेलीला टोपलीभर द्राक्षं लागली तर ती सामान्य, दोन घोस लागले तर थोर. अजिबात न फळणारी वेल हा आमचा आदर्श. तिची वाईन अद्याप चाखता आलेली नाही, याची समितीला खंत आहे.

आल्विन नोस्केचा शिराझ जातीच्या काळ्या द्राक्षांचा मळा त्याच्या पणजोबांनी लावलेला. समितीचा दाखला मिळाला नाही तर त्याची द्राक्षं घेणारी वाईन कंपनी ती उचलणार नव्हती आणि मळ्यावर बुलडोझर फिरणार होता. म्हणून आल्विन चर्चला जायचा कोट घालून आला. सोबत बायको मेल्वा आणि तिने भाजलेला केक. केक आम्ही गिळला.

अध्यक्षा प्रुडेन्स हॅलोरन यांनी वाईनचा घोट घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ विचार करून थुंकल्या.

"आल्विन, वेलींना पाणी घालता का हो?"

"दुष्काळात घालतो ना, बाई. टँकर लावतो. मुळाशी पेंढाही पसरतो. म्हाताऱ्या झाल्यात बिचाऱ्या."

"तरीच. सुख लागतंय जिभेला."

"म्हणजे वाईट झालीय?"

"छान झालीय. तीच तर अडचण आहे."

मेल्वाने केकचं रिकामं ताट उचललं. "चल रे आल्विन घरी. यांना वेली नकोत, हुतात्मे हवेत."

पण आल्विनच्या डोळ्यांपुढे बुलडोझर होता. त्याने टँकर बंद केला, पेंढा उचलला. पाऊसही समितीच्या बाजूने होता, म्हणजे पडला नाही. मेल्वाने नवऱ्याशी बोलणं टाकलं. आल्विन संध्याकाळी ओळींमधून हिंडत एकेका वेलीची माफी मागतो, असं शेजारी सांगू लागले. समितीने याची नोंद 'पारंपरिक मशागत' अशी घेतली.

पुढल्या वर्षी गुण वाढले. 'व्यथा आहे, परंतु वरवरची,' असा शेरा पडला. दाखला थोडक्यात हुकला. कंपनीने आणखी एका हंगामाची मुदत दिली. आल्विनला हुरूप आला. मळ्याला आला नाही. अर्ध्याहून जास्त ओळी वाळल्या. उरलेल्या वेलींनी जे काही दिलं त्याचं जेमतेम एक पिंप भरलं.

त्या पिंपातला घोट हॅलोरनबाईंनी घेतला, आणि समितीच्या इतिहासात प्रथमच अध्यक्षा थुंकायला विसरल्या. बाईंचे डोळे पाणावले. दाखला टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. मळा ऐतिहासिक ठरला.

वसंतात आम्ही पाटी लावायला गेलो तेव्हा तो खरोखरच ऐतिहासिक झाला होता. एकाही बुंध्याला पालवी नव्हती. आल्विन टोपी हातात घेऊन मधोमध उभा होता.

"वाचला ना मळा?" त्याने मला विचारलं.

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पाटीवर त्याच्या पणजोबांचं नाव सुरेख कोरलं होतं. मला मनापासून वाईट वाटलं. इतिवृत्तात तशी सोय नसल्यामुळे ते इथे लिहितो आहे.

तुम्हालाही वाईट वाटलंच असेल. म्हाताऱ्याचं, मेल्वाचं, त्या मुक्या वेलींचं. तुम्ही सहृदय आहात. पण खरं सांगा, ती शेवटची वाईन लागते तरी कशी, हा प्रश्न मघापासून तुमच्या ओठांवर आहे ना? लाजू नका. थोड्या बाटल्या शिल्लक आहेत. रांग मात्र लांब आहे, आणि सगळे हळहळतच उभे आहेत.