डावा डोळा मिटला पाहिजे

जूचंद्रच्या आमच्या इमारतीत खोकायची सोय नाही. तळमजल्यावर हरीकाका म्हात्रे राहतात. जिन्यात कुणी नुसतं खाकरलं तरी त्यांचं दार उघडतं, अडुळशाचं पान पुढे येतं आणि हुकूम सुटतो, "चाव! आता थोबाड बघू!"

काका गावचेच. भातशेती भावांवर सोडून त्यांनी अख्खी नोकरी औषधाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत केली. त्यामुळे ते झाडाचं नाव घेत नाहीत, आतल्या तत्त्वाचं घेतात. अडुळसा म्हणजे व्हॅसिसीन, हळद म्हणजे कर्क्युमिन. माझी बायको नटूनथटून निघाली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "काय गो, कर्क्युमिन-कुंकवाला चाललीस?"

पानाचा कडूपणा मोजायला आता कारखान्यातली यंत्रं नाहीत, म्हणून आमचे चेहरे. "डावा डोला मिटला. गुन हाय पानात!" एकदा मी वैतागून म्हणालो, "काका, स्वतः चावा की!"

"माझा डोला मना कसा दिसंल?"

मागच्या महिन्यात काकू देवळात गेल्याचं बघून ते माझ्या दारात आले. फडक्याखाली वाटी, वाटीत मांदेलीचं कालवण.

"चाख. मीठ कसं हाय?"

मला हसू आलं. काका हसले नाहीत.

"मागं ताप आलेला, तवापासून जिभंला कायच लागत नाय रे. रोज कडू पान चावतो, वाटतं आज लागंल. ती रोज इचारते, कसं झालंय? नुसतं बरं म्हटलं त वलखंल. मग तिचं रांधन्यात मन लागायचं नाय."

मी बोट बुडवून चाखलं. वाटीत वसईची खाडी उतरली होती. "फार खारट," मी म्हणालो.

दुपारी खालून काकांचा आवाज इमारतभर घुमला, "काय मिठागरात रांधलंस काय गो?"

संध्याकाळी काकूंनी मला जिन्यात गाठलं. डोळे भरलेले, तोंडभर हसू.

"भाऊ, मीठ मीच मुद्दाम ओतलेलं. मना वाटायचं, यांच्या तोंडाची चव गेली न् माझ्यापासून लपवतात. पन पहिल्याच घासाला ओरडले! चव हाय त्यांना!"

मी उगाच खाकरलो, तसं दार उघडलं आणि अडुळशाचं पान पुढे आलं. मी मुकाट्याने चावलं आणि दोन्ही डोळे घट्ट मिटले.

"बघ, दोन्ही मिटले!" काका काकूंना म्हणाले.

तेव्हापासून, वाटी येईल म्हणून, त्यांचं जेवण होईपर्यंत मी घर सोडत नाही.