आठ सेकंदांची चूक

माझ्या हातून चूक होत नाही! हे मी गर्वाने सांगत नाही, प्रमाणपत्राने सांगते. मी काम करते ती प्रयोगशाळा इतरांची मापं तपासते. दुकानातले तराजू, दवाखान्यातले तापमापक, कारखान्यातले दाबमापक, सगळे आमच्या टेबलावर येऊन निकाल लागलेल्या विद्यार्थ्यांसारखे गप्प उभे राहतात. एकवीस वर्षं मी त्यांना सांगत आले आहे, "तू अर्ध्या ग्रॅमने खोटं बोलतोस." एकानेही कधी उलट उत्तर दिलेलं नाही. त्यामुळे माझा असा समज झाला, की चूक दाखवून दिली की समोरच्याला बरं वाटतं.

तराजूला वाटत असेल. माणसांचं जरा वेगळं असतं, हे मला गेल्या महिन्यात कळलं.

घरी मी एकटी. दोन खोल्या, दोन खुर्च्या. एक माझी, एक पाहुण्यांची. पाहुण्यांची खुर्ची अजून नवीच आहे. संध्याकाळी कामावरून आले, की चहा करते आणि आठ वाजायची वाट बघते, कारण आठ वाजता आमच्या जुन्या गाण्यांच्या ऑनलाइन समूहावर रोज एक गाणं येतं. समूहात माझ्यासकट चाळीस माणसं. कोणी कोणाला पाहिलेलं नाही. समूह काढला ड्रायव्हरकाकांनी. ते निवृत्त बसचालक. त्यांच्याकडे तीनशे बारा रेकॉर्डी आहेत. आपल्या प्लेअरवर रोज एक वाजवायची, फोनवर मुद्रित करायची आणि समूहावर चढवायची, हा त्यांचा नेम. मग बाकीचे आपापल्या आठवणी लिहितात.

मी दोन वर्षं नुसती वाचत होते. आवडलं की अंगठ्याचं चित्र पाठवायचे. दोन वर्षांत मी सातशेहून अधिक अंगठे दिले. निरक्षर माणसानेही जन्मात एवढे उठवले नसतील! लिहावंसं फार वाटायचं. पण एवढ्या माणसांत एकदम काय बोलायचं? काहीतरी भरीव, उपयोगी हाताशी आलं, की मगच तोंड उघडायचं, असं मी ठरवलं होतं.

आणि एका गुरुवारी ते हाताशी आलं. त्या दिवशी काकांनी कंदिलाचं गाणं चढवलं.

हे गाणं माझ्याकडेही आहे. तीच रेकॉर्ड, आईची. आईच्या हयातीत हजारदा ऐकलेलं. मी डोळे मिटून ऐकायला लागले आणि गाणं मध्येच संपलं! म्हणजे संपायच्या जागीच संपलं, पण लवकर. मी घड्याळ लावून पुन्हा ऐकलं. तीन मिनिटं बारा सेकंद. माझी रेकॉर्ड काढली, प्लेअर पुसला, तबकडीवर कागदाची पट्टी चिकटवून फेरे मोजले. मिनिटाला बरोबर पंचेचाळीस. गाणं लावलं. तीन मिनिटं वीस सेकंद!

आठ सेकंद गायब! काकांचा प्लेअर चार पूर्णांक सतरा शतांश टक्के जलद पळत होता. आणि एक गाणं पळतंय, तर तीनशे बाराही पळत असणार!

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत माझा अहवाल तयार होता. निरीक्षणं, तक्ता, आलेख. निष्कर्ष: "समूहावरील सर्व गाणी सदोष आहेत." सोबत दुरुस्त वेगाचं गाणं जोडलं. खाली सवयीने नाव, हुद्दा आणि लॅबचा फोन नंबर. ठीक आठ वाजता पाठवून दिलं आणि टाळ्यांची वाट बघत बसले.

पहिले आले दंतवैद्य. ते दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात असतात, त्यामुळे संध्याकाळी स्वतःचं तोंड मोकळं सोडतात.

"बाई, म्हणजे दोन वर्षं मी ज्या आवाजावर जीव टाकतोय, तो आवाज त्या गाणाऱ्या बाईंचा नाहीच?"

"आहे," मी लिहिलं. "पण जवळजवळ एक पट्टी चढलेला."

"मग हा खरा आवाज तर माझ्या सासूबाईंसारखा आहे हो!"

पाठोपाठ शिलाईताई. त्यांचं कपडे शिवायचं दुकान आहे. "तीस वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी मला हेच गाणं ऐकवून लग्नाचं विचारलं होतं. तुमचं हळू गाणं ऐकून वाटतंय, की विचारताना ते अजून विचारच करत होते!"

"ताई, तेव्हा तुम्ही ऐकलंत तेच बरोबर वेगाचं होतं," मी समजूत घातली.

"मग मला ते जलद का आठवतं?"

आता प्रश्न शास्त्रीय होता, म्हणून मी शास्त्रीय उत्तर दिलं. "तेव्हा तुमची नाडी जलद असेल. वयाबरोबर ती मंदावते."

शिलाईताईंच्या हातात कात्री असताना समोर मी नव्हते, हे माझं नशीब!

आनंद झाला तो एकट्या पोस्टमास्तरांना. निवृत्त झाल्यापासून ते गाणं शिकताहेत. काकांच्या गाण्यातला वरचा सूर त्यांना कधी लागला नव्हता. "बाई, लागला! दुरुस्त पट्टीत लागला! दोष माझ्या गळ्यात नव्हताच!" असं लिहून पुरावा म्हणून त्यांनी सात मिनिटांचं ध्वनिमुद्रण पाठवलं. दोष गळ्यात होता.

या गोंधळात ड्रायव्हरकाका एकदाच बोलले. "बाई, तुम्ही मोजलंय म्हणजे बरोबरच असणार."

आणि खाली एक करडी ओळ उमटली. 'ड्रायव्हरकाका समूहातून बाहेर पडले.'

ज्याच्या घरी जेवायला गेले, त्याच्याच चुलीत पाणी ओतून आले होते मी! तेवढ्यात दुसरी करडी ओळ. 'सर्वांत नियमित सदस्य म्हणून समूहाच्या चाव्या आता तुमच्याकडे आहेत.' रोज आठला हजर राहिल्याचं हे बक्षीस! कोणाशी न बोलणारी बाई चाळीस जणांची यजमान झाली. चूक, एकोणचाळीस जणांची.

मला एकच भीती वाटली. काकांच्या मागोमाग सगळे निघाले तर? उद्या आठ वाजता मी काय करायचं? मी घाईघाईने चाव्यांचं पान उघडलं. तिथे नाना बटणं. एकावर कुलपाचं चित्र आणि शेजारी लिहिलेलं, 'समूह बंदिस्त करा'. मला वाटलं, हेच हवं! आता कोणी बाहेर जाणार नाही. मी बटण दाबलं आणि निश्चिंत झाले.

त्यानंतर एकही शब्द आला नाही.

शनिवारी सकाळी मी क्षमापत्र लिहिलं. दोन परिच्छेद. खाली बारीक अक्षरांत आलं, 'अडतीस जणांनी वाचलं.' म्हणजे मी सोडून सगळ्यांनी. उत्तर एकाचंही नाही. दंतवैद्यसुद्धा गप्प! मला कळून चुकलं, की आपल्याला वाळीत टाकलं आहे.

दुपारी मी अहवाल मागे घेतला. एकवीस वर्षांत प्रथमच! 'अडतीस जणांनी वाचलं.' शांतता. संध्याकाळी ताईंना उद्देशून लिहिलं, की नाडीविषयीचं विधान सरसकट होतं, व्यक्तिगत नव्हतं. शांतता. पोस्टमास्तरांच्या सुराचं खोटं कौतुक केलं. तरी शांतता! आठ वाजले. गाणं आलं नाही. मी चहाचा कप विसळला, पुसला आणि कोरडाच आहे का ते पुन्हा बघितलं.

रविवारी मात्र माझा बांध फुटला. नाहीतरी कोणी बोलणार नव्हतं, मग सगळं सांगायला काय हरकत? मी लिहिलं:

"आई घरी टायपिंगची कामं घ्यायची. पहाटेपासून टकटक चालू असायची. तिच्याशी बोललेलं तिला ऐकूच जायचं नाही. दिवसातून एकदा ती कंदिलाची रेकॉर्ड लावायची आणि यंत्रावरचे हात उचलून मांडीवर ठेवायची. मग मी जाऊन त्या हातांवर डोकं ठेवायचे. गाणं संपलं, की हात परत यंत्रावर. तीन मिनिटं वीस सेकंद आई माझी असायची. काकांच्या गाण्यात आठ सेकंद कमी होते. मला ते परत हवे होते, एवढंच. हे सांगायचं सोडून मी तक्ता पाठवला. मला तक्ताच करता येतो."

'अडतीस जणांनी वाचलं.'

एक तास, दोन तास. काही नाही. कोणी अंगठाही दिला नाही. मी फोन खणात ठेवला, खण बंद केला आणि थोड्या वेळाने नीट बंद झालाय ना, हे बघायला उघडला.

सोमवारी लॅबमध्ये मी एका तापमापकाला बोल लावत होते, तेव्हा साहेबांनी दारातून हाक मारली.

"तुमचा फोन! कोणी दंतवैद्य आहेत. म्हणतात, सकाळपासून चौथ्यांदा लावतोय. दाढ दुखतेय का तुमची?"

"नाही, साहेब."

"मग ते का ओरडताहेत?"

मी रिसीव्हर कानाला लावला.

"बाई, कुलूप काढा!"

"कसलं कुलूप?"

"अहो, समूहाला तुम्ही कुलूप घातलंय! शुक्रवारपासून आम्हाला वाचता येतंय, बोलता येत नाही! तीस वर्षं मी लोकांना तोंड उघडा म्हणतोय आणि तीन दिवस माझंच बंद! तुमचं आईचं वाचून इथे पेशंट तसाच ठेवून मी रडलो, आणि लिहू काय? साधा अंगठा उमटेना!"

"पण... मला वेगळा निरोप पाठवायचा ना!"

"पाठवले! सगळ्यांनी पाठवले! तुम्ही उघडाल तर ना! लॅबला फोन केला, तर शनिवार-रविवार तुमची लॅब बंद!"

मी फोन ठेवला. साहेब उभेच होते. "काही गंभीर?"

"साहेब, माझ्या हातून चूक झाली."

साहेबांनी खुर्ची ओढली आणि ते खाली बसले. एकवीस वर्षांत ऐकलं नव्हतं त्यांनी!

अनोळखी माणसांचे निरोप थेट दिसू नयेत, अशी सोय मी दोन वर्षांपूर्वीच करून ठेवली होती. ते एका वेगळ्या पेटीत पडत होते. पेटीत एकशे त्रेसष्ट निरोप होते. शिलाईताईंचेच अकरा. पहिल्या चारांत त्या मला फाडून खात होत्या. पाचव्यात, "जेवलात का?" सहाव्यात, "एवढं मनाला लावून घेऊ नका हो, माझी नाडी खरंच मंद आहे, गोळी चालू आहे." रविवारचा शेवटचा: "तुमच्या आईचे हात कसे होते? मला सांगा. मी पण दिवसभर मशीनवर असते. माझी लेक अशीच बाजूला उभी राहायची. मला आज कळलं."

हे वाचताना मी तापमापकाकडे पाठ केली.

ड्रायव्हरकाकांचे तीन होते. शुक्रवारचा: "मी तासाभरासाठी रुसलो होतो. बाहेर चक्कर मारून परत आलो, तर दाराला कुलूप! असं कोणी करतं का, बाई?" शनिवारचा: "दार उघडा." आणि रविवारचा: "दंतवैद्यांनी तुमचं लिहिलेलं मला धाडलं. प्लेअर बिघडलेला नाही. वेगाचा खटका मीच जरा पुढे केलाय. ही गेल्यापासून घरात सगळंच सावकाश चालतं. म्हटलं, गाणी तरी पळू देत. तुमचे आठ सेकंद तुम्हाला परत देतो, पण बाकीच्या गाण्यांचं मला विचारू नका."

मी कुलूप काढलं. काकांना आत घेतलं. चाव्या त्यांच्या हवाली केल्या. मग जे काही कोसळलं, ते वाचायला सबंध दुपार पुरली नाही. शेवटी दंतवैद्यांनी फर्मान काढलं, "लिहिणं पुरे! आज आठला सगळ्यांनी प्रत्यक्ष बोलायचं. बाई पहिल्या!"

साडेसातपासून मी तयार होते. पहिलं वाक्य कागदावर लिहून ठेवलं होतं. आठ वाजता फोनमधून एकोणचाळीस जणांचा एकदम असा गलका आला, की शाळा सुटल्यासारखं वाटलं! काकांचा आवाज माझ्या कल्पनेपेक्षा बारीक निघाला. शिलाईताईंच्या मागे मशीन चालूच होतं.

"थांबा, थांबा! आधी बाई!" काका म्हणाले. "बाई, आहात ना?"

"आहे," मी म्हणाले.

"बाई?"

"आहे, आहे!"

"गेल्या वाटतं," दंतवैद्य म्हणाले.

"रुसल्या असतील," शिलाईताई म्हणाल्या. "नाहीतर लाजल्या असतील."

"अहो, आहे मी! आहे!" मी ओरडत होते. पोस्टमास्तरांनी तेवढ्यात घसा साफ करायला घेतला, आणि तेव्हा मला दिसलं, की माझ्या माइकच्या चित्रावर एक तिरपी लाल रेघ आहे. मी ती दाबली आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "मी आहे!"

फोनमध्ये एकोणचाळीस माणसं हसली. काका म्हणाले, "ऐकू आलं, बाई. बोला आता."

आणि त्याच वेळी शेजारच्या खोलीच्या भिंतीवर दोन थापा पडल्या. तिथे एक गृहस्थ राहतात. नऊ वर्षं आम्ही जिन्यात एकमेकांना वाट देतो, यापलीकडे ओळख नाही.

"कळलं हो!" भिंतीतून आवाज आला. "आहात! कळलं!"

मी घाईघाईने "माफ करा" म्हणाले. तेही नको तितक्या मोठ्याने.