द्वारकाबाईंच्या तिखल्याची बखर

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न. शके १९४४, शुभकृत् नाम संवत्सरे, माघ वद्य तृतीया, बुधवार, ते दिवशी बंदरगल्लीच्या राज्यात जो प्रसंग गुदरला तो खानावळीत नित्य जेवणाऱ्या, पोटाने साक्षी असलेल्या सेवकाने लिहिला ऐसा. समुद्रकाठी थोर नगर, त्यात ही गल्ली, आणि गल्लीत चार चुलींची चार राज्ये. नाक्यावर शेरियार इराणी, ज्यांचा कडक पावाचा ब्रून मस्का खाऊन दात हलावे परंतु मन हलू नये. समोर करुणाकर शेट्टी, डोसा ऐसा की खालचे ताट दिसावे. पलीकडे मुस्तनसिरभाई बोहरी, ज्यांच्या एका थाळाभोवती आठ असामी बसाव्या आणि प्रथम मीठ चाखावे. आणि मध्ये द्वारकाबाई खोबरेकर यांची मालवणी खानावळ. काय सांगावे! शेट्टींचे हॉटेल शुद्ध शाकाहारी, परंतु खासा स्वारी बांगड्यासाठी मागल्या दाराने बाईंकडेच येत असे.

चौघांचा रिवाज ऐसा की वर्षातून एक दिवस तिघांनी चुली विझवाव्या आणि चौथ्याचे घरी जेवावे. यंदा पाळी बाईंची. ऐसियास महिन्यापूर्वी बाईंस ताप आला, आणि ताप गेला तो जिभेची चव घेऊन गेला. बाईंनी कोणास सांगितले नाही, मोजूनमापून कसेबसे निभावले. मग पाळीचे दिवशी सकाळी शेरियारशेठ सहज डोकावले, तिखल्याचा, म्हणजे बांगड्याच्या तिखट कालवणाचा, घोट घेतला आणि त्यांचे डोळे पांढरे जाहले, इतके मीठ! तेव्हा बाई पदराने डोळे पुसून बोलिल्या, "माका जिभेर कायच लागना नाय, शेठ. आज तिखला बिघाडला तर उद्यापासून चूल बंद. चव नाय त्या बाईन लोकांका काय वाढूचा?"

हे ऐकून शेठ धावले, आणि शेट्टी व मुस्तनसिरभाई यांस घेऊन आले, आणि तिन्ही सरदार स्वयंपाकघरात घुसले. शेठ म्हणाले, "बाई, थोडी साखर टाक नी!" साखर पडली. शेट्टी म्हणाले, "अय्यो, चिंच पाहिजे ओ!" चिंच पडली. मुस्तनसिरभाईंनी पाणी ओतविले, मग शेठांस ते पातळ वाटले म्हणून खोबरे आले, आणि अकराचे सुमारास त्या पातेल्यात बांगडा होता की बुडाला, हे सांगावयास कोणी उरले नाही. सगळे ओतून द्यावे लागले. बाई पाटावर मटकन बसल्या.

मग मुस्तनसिरभाई हळूच पुसते जाहले, "द्वारकाबेन, गणपतीला मोदक पाठवता मला दरसाल. त्याचं सारण कोण चाखतं?"

"देवाच्या आधी कोण चाखतला?" बाई तडकल्या. "निवेद दाखवल्याबगर बोट लावूक नाय."

"मग तीस वर्षांत एकदा तरी बिघडलं?"

बाईंनी आपल्या हाताकडे पाहिले. मग उठल्या, पदर खोचला आणि गरजल्या, "सगळी भायर व्हा!" तिन्ही सरदार पळाले, आणि आम्हीही पळालो, ते दाराआडून पाहू लागलो. बांगड्यांची दुसरी टोपली उघडली, बांगडे चिरले, मिरचीचे वाटप पडले, तिरफळे ठेचली, आणि मीठ चिमटीने न मोजता गेले, जैसे नैवेद्याचे दिवशी जाते. पळीला बाईंनी जीभ लाविली नाही.

दुपारी पाने मांडिली. शेट्टींनी पहिला घास घेतला आणि काही बोलेनात. शेठही बोलेनात. बाईंचा चेहरा उतरला, पुसत्या जाहल्या, "कसा झाला?" तेव्हा शेट्टींनी वर न पाहता रिकामी वाटी पुढे केली, मागोमाग शेठांनी, मागोमाग मुस्तनसिरभाईंनी, आणि आम्ही तर सर्वांआधीच केली होती. वाहवा! आनंदे भात उतरतच राहिला. मग बाईंनी आपलेही पान घेतले, आणि एकेका घासागणिक आमची तोंडे पाहत त्या जेवत्या जाहल्या.

सारांश, चव अद्याप परतली नाही. खानावळ रोज भरते. बाई दाराशी उभ्या राहून लोक जेवताना पाहतात, आणि कोणी वाटी पुढे केली की म्हणतात, "आता माका लागली." बखर समाप्त, हात धुवावयाचे आहेत.