मध्ये तुटले की पहिल्यापासून

इंग्रजी साहित्यातले अलंकार शुद्धीवर असलेल्या कोणाही माणसाला आठवड्यात शिकवता येतात, असे मी ढुंढिराज गुरुजींना आमच्या इंदिरानगरातल्या जिन्यात ठणकावून सांगितले. "अट एकच. गाईड घरात दिसता कामा नये!"

गुरुजी आमचे शेजारी. सकाळभर रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी सांगतात. त्यांची मृण्मयी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. लेखी पेपर सगळे सुटलेले. पण तोंडी परीक्षेत गेल्या खेपेला तिने परीक्षकांपुढे तोंडच उघडले नव्हते. देवळाली कॅम्पातल्या एका शाळेने तिच्यासाठी शिक्षिकेची जागा राखून ठेवली होती, ती याच खेपेपुरती. आता नापास झाली की जागा दुसरीला!

"सर, पोरीचं तोंड तेवढं उघडा," गुरुजी काकुळतीने म्हणाले.

मी इंग्रजीचा निवृत्त प्राध्यापक. माझा राग उकळत नाही, गोठतो. आणि तो ज्या एका नावाभोवती वर्षानुवर्षे गोठत आला आहे, ते नाव म्हणजे धनराज आहेर. एके काळचा माझा विद्यार्थी, आता गावोगावच्या दप्तरांत सापडणाऱ्या गाईडाचा कर्ता. पहिल्याच धड्यात रूपक, चेतनगुणोक्ती आणि उपरोध समजावून झाल्यावर मला राहवले नाही. मी म्हणालो (इंग्रजीत, अर्थात, इथे मराठी करून देतो), "यातले काहीही न कळता एक मनुष्य गाईड लिहितो. त्याचे नाव धनराज आहेर. त्याच्या डोक्यात एखादे रूपक चुकून शिरलेच, तर ते एकटेपणाने मरेल!"

मृण्मयी समोर मांडी घालून, डोळे मिटून ऐकत होती. ओठ हलत होते. एवढे तन्मय श्रवण मी उभ्या नोकरीत पाहिले नव्हते!

"शुभांगी, बघ," मी पत्नीला हळूच म्हणालो. "याला रसास्वाद म्हणतात."

"अहो, झोपली नसेल ना?"

अरसिकांशी मी वाद घालत नाही.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी गुरुजींच्या देखत मी तिला विचारले, "मृण्मयी, उपरोध म्हणजे काय?"

तिने डोळे मिटले आणि सुरुवात केली ती थेट रूपकापासून. माझेच शब्द, माझेच चढउतार, माझाच तुच्छतेचा विराम! मी मोहरलो. एवढ्यात तिने त्याच करड्या आवाजात म्हटले, "शुभांगी, या चहात साखर टाकायची की नाही हा तात्त्विक प्रश्न आहे का?"

स्वयंपाकघरात भांडे आपटले.

"अगं थांब! हे काय?"

ती थांबली, दीर्घ श्वास घेतला, आणि पुन्हा रूपकापासून निघाली!

गुरुजींचा चेहरा उजळला. "मध्ये तुटलं की पहिल्यापासून, सर. आमच्याकडं पद्धतच आहे. मंत्र अर्ध्यातून उचलायचा नसतो. मीच रोज घोकून घेतलंय तिच्याकडून. काना-मात्रा इकडची तिकडे नाही!"

"पण तिला त्याचा अर्थ कळतो का?"

"अर्थाकडं लक्ष गेलं की पाठ अडखळतो, काका," मृण्मयी शांतपणे म्हणाली.

माझे रक्त थंड झाले. पण रात्री अंथरुणावर मी स्वतःची समजूत घातली: पाठ तर पाठ, निदान गाईड तरी नाही, आणि व्याख्यान तर अव्वल आहे. चहाचे वाक्य तिने वगळायचे, एवढे ठरले होते. धनराजवरच्या वाक्याची मला आठवणही झाली नाही. विद्वत्ता ही अशी असते!

सकाळी गुरुजींना यजमान होते, म्हणून कॉलेजात मीच तिच्याबरोबर गेलो. तिचे नाव पुकारले गेले. ती आत गेली. दार किलकिले राहिले, आणि फटीतून मला बाहेरून आलेल्या परीक्षकाचा चेहरा दिसला.

धनराज आहेर!

मी खांबाआड झालो. आत धनराज गोड आवाजात म्हणत होता, "घाबरायचं नाही हं. चेतनगुणोक्ती सांगा बरं."

मृण्मयीने रूपकापासून सुरुवात केली. रूपक झाले. चेतनगुणोक्ती झाली. उपरोध निम्मा झाला. पुढे माझे वाक्य दबा धरून बसले होते! मी क्षयरोग्यासारखा खोकलो.

ती थांबली. दीर्घ श्वास. पुन्हा रूपक!

"अरे वा," धनराज म्हणाला, "उजळणी?"

पुन्हा उपरोध जवळ आला, तेव्हा मी स्टीलची पाण्याची बाटली फरशीवर सोडली. देवळातली घंटा पडल्यासारखा आवाज झाला. पुन्हा रूपक! तिसऱ्या खेपेला मी बाक ओढला. तो अशा काही आवाजात किंचाळला की, कोणी ऐकले तर त्यालाच चेतनगुणोक्तीचे उदाहरण म्हणावे.

"कोण आहे रे बाहेर? मॅडम, ते दार लावता का?"

आतल्या दुसऱ्या परीक्षक मॅडमनी दार लावून कडी घातली. पण दारावरची झडप उघडी होती. मृण्मयी चौथ्यांदा निघाली, आणि आता तिला अडवणारे त्रिभुवनात कोणी नव्हते. रूपक गेले. उपरोध गेला. मी डोळे मिटले. मला देवळाली कॅम्पातला तो रिकामा वर्ग दिसला. फळ्यापुढे दुसरीच कोणी उभी होती.

"...त्याचे नाव धनराज आहेर. त्याच्या डोक्यात एखादे रूपक चुकून शिरलेच, तर ते एकटेपणाने मरेल!"

आत पंख्याची टकटक तेवढी.

"धनराज आहेर मीच," आतून आवाज आला.

"अगं बाई!" मृण्मयी म्हणाली. हे काही पाठात नव्हते.

"हे जे वाक्य म्हणालात, त्यात अलंकार कोणता?"

ती आता रूपकापासून निघणार आणि सगळे संपणार! पण ती निघाली नाही. मग चाचरत, स्वतःच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "सर, अतिशयोक्ती. कारण... इतकं वाईट कोणाचंच डोकं नसतं. आणि रूपकाला एकटं वाटतं, माणसासारखं. म्हणजे चेतनगुणोक्तीपण."

"दोन!" धनराज खो-खो हसला. "मॅडम, दोन सांगितले! कुठल्या पुस्तकातलं वाक्य आहे हे?"

"पुस्तकातलं नाही, सर. काकांचं आहे. बाहेरच बसलेत."

कडी निघाली. पळायला जिना दूर होता आणि गुडघे माझे होते. धनराज बाहेर आला आणि चक्क वाकून पाया पडला.

"सर, तुम्ही! पोरगी चांगली आहे. पाठ केलेलं सगळेच म्हणतात, हिनं वाक्य फोडून दाखवलं. गुण भरलेत मी. पास आहे." मग जरा थांबून, "अतिशयोक्तीच होती ना, सर?"

माझ्यापुढे दोनच वाटा होत्या: सत्य, आणि देवळाली कॅम्प.

"निखालस अतिशयोक्ती!" मी म्हणालो.

"मग नव्या आवृत्तीला प्रस्तावना तुमची!"

"आनंदाने!" हा शब्द माझ्याच तोंडून गेला, आणि तोही इतक्या मोकळ्या गळ्याने की मागे उभी असलेली मृण्मयी हसता हसता रडायला लागली.

सोमवारी ती देवळालीच्या बसमध्ये बसली. प्रस्तावनाही लिहून झाली. शुभांगीने ती दोनदा वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "अहो, एवढी स्तुती? हा कोणता अलंकार म्हणायचा?"

"मला विचारू नकोस," मी म्हणालो. "गाईडमध्ये बघ."