हिल्माने वाट मोकळी केली

"सूचना-पुस्तिका बाजूला ठेव," अर्मास लाह्ती म्हणाला. "मी आहे ना."

तो मोटारघराच्या मधोमध स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसला होता. प्लास्टरमधला उजवा पाय लाकडी खोक्यावर ठेवलेला, हातात कुबडी. कुबडी चालायला कमी आणि दाखवायला जास्त उपयोगी पडत होती. समोर पुठ्ठ्याच्या खोक्यातून नुकतंच काढलेलं बर्फ उडवायचं नवंकोरं यंत्र आणि त्याच्याशेजारी गुडघे टेकून बसलेली त्याची बायको हिल्मा. बाहेर दोन दिवस सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्याने हँकॉक गावातल्या त्या टेकडीवर बर्फ ओतलं होतं. घरापासून रस्त्यापर्यंतची गाडीची वाट कुठे आहे, हे फक्त आठवणीने सांगता येत होतं.

अर्मास तांब्याच्या खाणीत पाळीचा मुकादम होता. खाण बंद पडली तरी मुकादम चालूच राहिला. जमिनीखाली तो माणसांवर इतका ओरडायचा, की त्याच्या पाळीत कधी कुणाचं बोट गेलं नाही. ही गोष्ट खरी होती, आणि गावात सगळे ती मान्य करत. त्याच्या पाळीतल्या एकाही माणसाने मुलाबाळांच्या लग्नाला त्याला बोलावलं नाही, हेही तितकंच खरं होतं. पाय मोडला तो छपरावरचं बर्फ काढताना. शिडी कशी धरावी हे खाली उभ्या हिल्माला सांगायला तो मागे वळला आणि सांगत सांगतच खाली आला.

"शेजारच्या कांगासला बोलावू का?" हिल्माने सकाळीच विचारलं होतं. "तो स्वतःहून म्हणत होता."

"कांगास? ज्याने गवत कापायच्या यंत्रात तेलच घातलं नाही तो? त्याच्यापेक्षा तू बरी."

बेचाळीस वर्षांच्या संसारात हिल्माला मिळालेली ही त्यातल्या त्यात मोठी शाबासकी होती. ती हातमोजे घालून कामाला लागली.

तिने दांडे उभे करून बोल्ट आवळले. बर्फ फेकणारी सोंड बसवली, तिचं तोंड फिरवणारी मूठ जोडली. मग तेलाची बाटली घेऊन पुस्तिकेत खूण केलेल्या रेघेपर्यंत इंजिनात तेल ओतलं.

"तेल घातलंस?"

"घातलं."

"नव्या यंत्रात तेल नसतं. कारखान्यातून कोरडं येतं. लोक विसरतात."

"घातलं, अर्मास."

"कांगास विसरला असता."

घोळ सुरू झाला तो बाजूच्या पट्ट्यांवरून. यंत्राच्या तोंडाच्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या असतात. त्या खालीवर करून तोंड जमिनीपासून किती उंच राहील ते ठरवायचं. खडीची वाट असेल तर तोंड थोडं उचलून ठेवा, नाहीतर यंत्र बर्फाबरोबर खडीही गिळेल, असं पुस्तिकेत ठळक छापलं होतं. हिल्माने ते वाचून दाखवलं.

"वाट आपली आहे का पुस्तिकावाल्याची?" अर्मास म्हणाला. "अगदी खाली टेकव. मला काळी जमीन दिसली पाहिजे."

"पण खडी..."

"खडी खाली गोठलीय. दगडासारखी. ती कशी हलेल?"

हिल्माने त्याच्याकडे पाहिलं, मग पान्याकडे पाहिलं आणि तोंड जमिनीला टेकवलं.

यंत्र दाराबाहेर ढकलून तिने पेट्रोल भरलं, चोक ओढला, दोरी खेचली. तिसऱ्या खेपेला इंजिन गुरगुरलं. तोवर अर्मास कुबड्या टेकत ओसरीवर येऊन उभा राहिला होता. पायऱ्यांखाली त्याच्या कुबड्या घसरू नयेत म्हणून काथ्याचं जुनं पायपुसणं अंथरलेलं होतं. त्याच्या मागे स्वयंपाकघराची खिडकी, खिडकीत वेलदोड्याचा पाव निवत ठेवलेला.

हिल्माने दोन्ही मुठी दाबल्या. पुढची नागमोडी पाती फिरू लागली आणि सोंडेतून पांढरा फवारा उडून दूर झाडांपर्यंत गेला. हिल्मा चकित झाली. एवढं सोपं होतं? त्यासाठी इतकी वर्षं हिवाळाभर सकाळी घरात कुणी चढ्या आवाजात बोलायचं नाही, असा नियम होता? कारण काय, तर अर्मास जुनं यंत्र चालवून दमलेला असे. तिला हसू आलं. ते अर्मासने बघितलं.

"हसतेस काय? सोंड डावीकडे घे! बर्फ कांगासच्या हद्दीत जातंय!"

"काय?"

"डावीकडे! डावीकडे!"

अर्मासचं तोंड तिच्याकडे होतं. त्याची डावी ती तिची उजवी. हिल्माने मूठ तिच्या डावीकडे गरगर फिरवली. सोंडेने मान वळवली, कांगासच्या कुंपणावरून झाडांवर, झाडांवरून ओसरीवर. पहिल्या झोतात अर्मास कमरेपर्यंत पांढरा झाला. दुसऱ्यात टोपी गेली. त्याच क्षणी खाली टेकवलेल्या तोंडाने वाटेवरची खडी उचलली आणि स्वयंपाकघराची खिडकी खळ्ळकन फुटली.

हिल्माने मुठी सोडल्या. पाती थांबली. अर्मास बर्फाच्या राशीत कुबड्यांसकट उभा होता, भुवयांवर बर्फ साचलेलं.

"मी डावीकडे म्हटलं होतं!"

"मी डावीकडेच घेतली."

"माझ्या डावीकडे!"

"मग तसं म्हणायचं. मला काय माहीत तुझी डावी वेगळी असते ते."

"आणि ही खडी कुठून आली?"

 हिल्माने यंत्र बंद करून पान्याने दोन्ही पट्ट्या खाली सरकवल्या, तसं तोंड जमिनीपासून वर उचललं गेलं. अर्मास दुसरीकडे बघत होता. मग ती ओसरीवरच्या राशीतून कशीबशी वाट काढत आत गेली, काचा झाडल्या, काचकण घुसलेला सबंध पाव कचऱ्यात टाकला आणि खिडकीला पुठ्ठा लावून आली.

"पाव का टाकलास? वरचा भाग कापून..."

"काच खायचीय तुला?"

आता नवी पंचाईत. पायऱ्या आणि ओसरी यंत्रानेच बुजवून टाकली होती. घरात जायचं-यायचं तर आधी तेच बर्फ काढायला हवं. हिल्माने सोंड रस्त्याकडे वळवली, वळवण्याआधी मोठ्याने "माझी उजवी!" असं जाहीर केलं आणि यंत्र पायऱ्यांशी आणलं. यंत्राने चार हात बर्फ खाल्लं आणि मग एकदम घास अडकल्यासारखा आवाज करून ते बंद पडलं. राशीखालचं काथ्याचं पायपुसणं दोघेही विसरले होते. त्याचं अर्धं अंग पात्यांना गुंडाळलं गेलं होतं आणि अर्धं बाहेर लोंबत होतं.

"किल्ली काढ!" अर्मास ओरडला. "प्लगची वायर काढ! हात घालू नकोस! इंजिन बंद असलं तरी आतल्या पात्यांवर ताण असतो. काठी आण! काठीनेच काढायचं!"

हे त्याने अगदी बरोबर सांगितलं. हिल्माने किल्ली काढली, प्लगची वायर काढली आणि काठी आणायला मोटारघरात गेली. काठी फळीमागे पडली होती. ती काढायला जरा वेळ लागला.

ती परत आली तेव्हा अर्मास खालच्या पायरीवर बसला होता, प्लास्टरचा पाय लांब करून, यंत्राच्या तोंडात वाकून. त्याचा हात कोपरापर्यंत आत होता आणि तो दात-ओठ खात पायपुसणं ओढत होता.

"अर्मास!"

"निघतंय, निघतंय, एक टोक सुटलं..."

हिल्माने काठी फेकली, मागून त्याची कॉलर धरली आणि सगळा जोर लावून ओढलं. "हात काढ बाहेर, मूर्खा!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली, की कांगासचा कुत्रा भुंकू लागला. अर्मास मागे कोसळला. पायपुसणं सुटलं आणि बंद यंत्राची पाती अर्धा वेढा फिरून धाडकन थांबली. त्यांच्यात अर्मासचा हातमोजा होता. तो अंगठ्यापासून कातरला गेला होता.

दोघेही त्या हातमोज्याकडे बघत राहिले. अर्मासचा उघडा हात बर्फावर होता, लाल, पाच बोटं शाबूत.  हिल्मा त्याच्या शेजारी पायरीवर बसली. आता हा काहीतरी म्हणेल, असं तिला वाटलं. फार नको. तिचं नाव घेतलं तरी चाललं असतं.

अर्मासने बोटं उघडमीट करून पाहिली. घसा साफ केला.

"काठी आणायला एवढा वेळ लावतात?" तो म्हणाला. "नवा हातमोजा होता."

हिल्मा उठली. तिने काठीने पायपुसण्याच्या चिंध्या काढल्या, वायर जोडली, किल्ली घातली आणि पुढचं सगळं काम संपवलं. ओसरीपासून रस्त्यापर्यंत वाट सरळ, स्वच्छ, दोन्ही काठ चाकूने कापल्यासारखे. यंत्र परत मोटारघराशी आणून तिने बंद केलं.

अर्मासने एक डोळा मिटून वाटेकडे बघितलं.

"डावा काठ जरा वाकडा गेलाय," तो म्हणाला. "माझा डावा."

हिल्मा आत गेली. बशा धुतल्याचा आवाज आला. नंतर कपाटाचा. अर्मासला वाटलं, ती कपडे बदलून कॉफी टाकेल. ती बाहेर आली ती चर्चला जायचा कोट घालून, हातात बॅग घेऊन.

"हे काय?"

"एस्तेरकडे जातेय. इश्पेमिंगला."

"तुझी बहीण आजारी आहे का?"

"नाही."

"मग?"

"रश्शाचं पातेलं चुलीवर आहे. इर्याला फोन केलाय, ती दुपारी येईल. तुझी बहीण आहे, तुझं ऐकायची तिला सवय आहे."

"किती दिवस?"

"बघू."

तिने बॅग गाडीत ठेवली, गाडी बाहेर काढली आणि वाटेच्या टोकाशी पोचली. त्याच वेळी रस्त्यावरून बर्फ सारणारा सरकारी ट्रक घरघरत आला. त्याने रस्त्यावरचं सगळं बर्फ, गोठलेली ढेकळं, मिठाचा चिखल, सगळं ढकलत आणलं आणि वाटेच्या तोंडावर छातीएवढी भिंत घालून तो निघून गेला. चालकाने जाताना हातही हलवला.

अर्मास ओसरीवरून बघत होता. त्याला हसावंसं वाटलं. "आता ये परत," तो ओरडला. "कॉफी टाक!"

हिल्मा गाडीतून उतरली, वाटेने चालत परत आली आणि यंत्र घेऊन गेली. चर्चच्या कोटातच. भिंतीला भिडवलं. ढेकळं दगडासारखी होती. कट्ट असा आवाज झाला, इंजिन चालू राहिलं पण एका बाजूची पाती फिरेनात. हिल्माने इंजिन बंद केलं आणि वाकून बघत उभी राहिली.

अर्मासला आवाजावरूनच कळलं. पिन तुटली. मोठा तडाखा बसला तर यंत्राच्या पोटातले दाते वाचावेत म्हणून ही पिन मुद्दाम कच्ची ठेवलेली असते. जादा पिना होत्या. त्या कुठे आहेत ते फक्त अर्मासला माहीत होतं. पुस्तिकेसोबतची पुडी त्यानेच उचलून खिशात टाकली होती, हिल्मा हरवेल म्हणून.

त्याने खिशावर हात ठेवला. तो गप्प बसला असता तरी पुरे होतं. हिल्माकडे पिन नव्हती, छातीएवढी भिंत होती आणि फावडं मारून ती फोडेपर्यंत अंधार पडला असता. इतकं तर अर्मासलाही समजत होतं. इतकंच काय, ती का निघालीय तेही त्याला थोडंफार समजत होतं.

तेवढ्यात त्याने पाहिलं, की हिल्माने केसातली जाड पिन काढली आहे आणि ती त्या भोकात घालून बघते आहे.

"ए! ए! काय करतेस!" तो कुबड्या टाकत, घसरत, तिच्या त्या सरळ वाटेवरून लंगडत निघाला. "भलतीसलती पिन घालायची नसते! दाते जातील! आणि आधी प्लगची वायर! वायर काढल्याशिवाय हात लावायचा नाही, किती वेळा सांगायचं!" धापा टाकत त्याने खिशातून पुडी काढली आणि तिच्या हातात ठेवली. "ही घे. भोकं एका रेषेत आण. अशी नाही. हां. आता मागून चाप लाव."

हिल्माने वायर काढली, पिन बसवली, चाप लावला, वायर जोडली. थोडं थोडं बर्फ घेत तिने भिंत कापली. मग यंत्र कडेला लावलं, किल्ली काढून अर्मासच्या हातात दिली आणि गाडीत बसली.

दुपारी अर्मासची बहीण इर्या मांस-बटाट्याच्या करंज्या घेऊन आली. भाऊ स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला होता. चुलीवरच्या पातेल्याचं झाकणही हललं नव्हतं.

"गेली?"

"गेली."

"कधी येणार?"

"बघू म्हणाली."

"आणि तू जाऊ दिलंस? का जातेस, एवढं तरी विचारलंस का?"

"विचारणारच होतो," अर्मास म्हणाला. "पण ती वायर न काढताच पिन बसवायला निघाली होती."

 इर्याने करंज्या बशीत काढल्या.

"मग? बसवली का नीट?"

"चोख बसवली." अर्मासने बशी जवळ ओढली. "माझ्या पाळीत एकालाही एवढी चोख जमली नसती."

"हे तिला सांगितलंस?"

अर्मासने करंजी मोडली. आतून वाफ आली.

"सांगणार होतो," तो म्हणाला. "पण तोवर तिने गाडीची काच वर केली होती. आणि एवढ्या थंडीत काच खाली करायला लावणं काही बरोबर नाही."