केळुसकरांचा राज्यपाल

वसंत केळुसकरांनी मला फसवलं. मुलुंडमध्ये, माझ्या दुकानाला लागून असलेल्या त्यांच्या ओट्यावर, भर दुपारी, स्वतःच्या हातचा चहा पाजून फसवलं. आणि त्या कामासाठी त्यांनी एक राज्यपाल वापरला. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे वाचता वाचता तुम्हाला हा माणूस आवडायला लागेल. सगळ्यांनाच आवडतो. आवडू दे. पण फसवलं ते फसवलं.

कुणी तिकिटं जमवतो, कुणी क्रिकेटचे आकडे पाठ करतो. केळुसकर राज्यपाल सांभाळतात. देशातल्या कुठल्या राज्यात कोण राज्यपाल आहे, त्याचं वय काय, तो खुर्चीत कधी बसला आणि अजून किती बसणार, हे सगळं त्यांना तोंडपाठ. मुख्यमंत्री विचारा, डोकं खाजवतील. मी एकदा म्हटलं, "काका, सत्ता तर मुख्यमंत्र्याकडे असते ना?" तर म्हणाले, "असेल. पण ती माणसं तरणी. त्यांच्याकडे काय बघायचंय?"

ही खोड त्यांना नोकरीत लागली. फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत ते कारकून होते आणि साहेबांच्या खुर्चीमागे राज्यपालांची तसबीर लावायचं काम त्यांच्या टेबलाकडे होतं. आपल्याकडचे राज्यपाल कसे बदलतात ते तुम्हाला ठाऊक आहे. एकाची फ्रेम सुताराकडून येईपर्यंत दुसऱ्याची शपथ झालेली असायची. शेवटी केळुसकरांनी सुताराला सांगून टाकलं, "मागच्या फळीला खिळे मारू नकोस. नुसती सुतळी बांध." तेव्हापासून नवा राज्यपाल आला की ते आधी त्याचं वय विचारत, टिकेल किती याचा अंदाज घेत, आणि मगच फ्रेमची ऑर्डर देत.

निवृत्त झाले, तसबीर गेली, सवय राहिली. त्यांच्या बोलण्यात माणूस आजारातून उठला की त्याला 'मुदतवाढ मिळाली'. लग्न म्हणजे 'शपथविधी'. भाजीवाल्याच्या टोपलीतलं मऊ पडलेलं वांगं दोन बोटांत धरून म्हणायचे, "ह्याची मुदत संपली रे. नवा नेम." आणि कुणी वयाची रड सुरू केली की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं. माझी कंबर धरली होती तेव्हा मलाही ऐकवलं.

"काका, पंचेचाळिशी आली. आता काय राहिलं?"

"पंचेचाळीस? शेठ, ह्या वयाच्या माणसाला राजभवनात चहा द्यायला ठेवतात. राज्यपाल व्हायला अजून वीस वर्षं आहेत तुमची."

आता माझं सांगतो. मी नळ आणि पाइप विकतो. सुरुवात हातगाडीवर केली. बाप गिरणीत होता, मी गिरणीची पायरी चढलो नाही, आणि पुढे गिरण्यांची जी वाट लागली ती बघता बरंच झालं. दुकान माझं, पण चिंचोळं. पाइप वीस फुटी आणि दुकान बारा फुटी, म्हणजे उरलेला पाइप फुटपाथवर. येणारा-जाणारा ठेचकाळायचा, शिव्या घालायचा, मी परत घालायचो. शेजारी केळुसकरांच्या दोन खोल्या. पुढची रस्त्याकडे, मोठ्या खिडकीची, मागे स्वयंपाकाची. माणसं दोन, ते आणि काकी. मधली भिंत पाडली की माझं दुकान दुप्पट. मुलुंडात असा गाळा दुसरा नव्हता.

एका दुपारी मी ओट्यावर जाऊन बसलो. "काका, पुढची खोली मला द्या. पागडी तुम्ही म्हणाल ती."

"देईन," केळुसकर म्हणाले.

घासाघीस नाही, आढेवेढे नाहीत. समोरचा इतक्या झटकन हो म्हणाला की आमच्या धंद्यात खिसा चाचपून बघतात. मी चाचपला नाही.

"कधी देता?"

ते आत गेले, चहा घेऊन आले आणि त्यांनी पूर्वेकडच्या एका डोंगराळ राज्याचं नाव घेतलं. तिथले राज्यपाल ज्या दिवशी पद सोडतील, त्या दिवशी चावी माझ्या हातात.

"आपल्याच राज्यपालांवर ठरवूया की."

"छे! इथले टिकत नाहीत. मला घाई नको."

"वय काय त्या तुमच्या डोंगरवाल्याचं?"

"शहात्तर पूर्ण."

मी मनात हसलो. शहात्तर वर्षांचा माणूस, वर डोंगरावर, चार वर्षं आधीच झालेली. माझ्याकडे नळ घ्यायला येणाऱ्या एका वकिलाला तरी विचारलं. तो म्हणाला, "राज्यपालाची मुदत पाच वर्षं. घटनेत आहे." म्हणजे जास्तीत जास्त वर्षभर. मी केळुसकरांच्या हातावर हात मारला. वकिलानं अर्धंच सांगितलं होतं. नळ मात्र पूर्ण घेऊन गेला, तेही भाव पाडून.

पाच वर्षं भरली त्या दिवशी मी पेढे आणि गवंडी घेऊन ओट्यावर हजर झालो.

"बसा," केळुसकर म्हणाले.

"बसायला नाही आलो. गवंडी आणलाय."

"मग गवंड्यालाही बसवा." त्यांनी पेढा घेतला, अर्धा तोडला, उरलेला अर्धा कागदात बांधून ठेवला. "ते अजून आहेत."

"कोण आहेत?"

"राज्यपाल. नवा नेमलाच नाही दिल्लीनं. आणि नवा येऊन शपथ घेईपर्यंत जुन्यानं बसायचं, असं घटनेतच आहे, शेठ."

मी ओरडलो. मी ओरडतो तेव्हा पाचरस्त्यापर्यंत कळतं. "काका, तुम्ही मला फसवलंत!"

"हळू बोला हो," असं म्हणून ते खिडकीकडे बघायला लागले. खिडकीचा खालचा अर्धा पडदा ओढलेला होता. मला वाटलं, शेजाऱ्यांना घाबरले.

गवंड्यानं दिवसाची मजुरी लावली आणि माझे पेढे खाऊन गेला.

तेव्हापासून माझी दशा बघा. मी नळ विकणारा माणूस; सकाळी पेपर उघडून आधी पत्र्याचा भाव बघायचो. आता त्या डोंगराळ राज्याची बातमी शोधायला लागलो. सात वाजताच्या मराठी बातम्यांत ते राज्य आलं की दुकान सोडून टीव्हीसमोर. तिथे पूर आला, राज्यपाल पाहणीला गेले. तिथे कसलंसं प्रदर्शन भरलं, राज्यपालांनी फीत कापली. माझी बायको म्हणाली, "अहो, तो म्हातारा कधी मरतोय ह्याची वाट बघताय का तुम्ही?" मी म्हटलं, "मरायला कोण सांगतंय? घरी जाऊ दे. एवढीही अपेक्षा नाही करायची?"

आणि एक दिवस बातमी आलीच. आतल्या पानावर, कोपऱ्यात, चार ओळी: राज्यपालांना अस्वस्थ वाटू लागल्यानं उपचारांसाठी दिल्लीला हलवलं. मी पेपर घडी करून बगलेत मारला आणि चपला न घालताच केळुसकरांकडे निघालो. आज सोडायचं नाही, असं ठरवूनच.

दार लोटलेलं होतं. आतून बोलणं ऐकू येत होतं आणि दोघंही मालवणीत होती. केळुसकर बाहेर आमच्याशी कचेरीतली मराठी बोलतात, म्हणून मी थबकलो.

"वय किती ओ तेंचा, त्या दक्षिणेकडच्या नव्या राज्यपालाचा?" काकींचा आवाज. मध्ये मध्ये दम लागत होता.

"एकोणऐंशी."

"आणि काल शपथ घेतल्यान?"

"घेतल्यान. हात सुदीक थरथरलो नाय. मगे तू खंयची म्हातारी गो?"

काकी हसल्या. हसता हसता खोकल्या. मी दार ढकललं.

त्या पुढच्या खोलीत मी किती दिवसांनी पाऊल टाकत होतो कोण जाणे. मला नेहमी ओट्यावरच बसवायचे. काकींना दम लागतो एवढं मला माहीत होतं. सिमेंटच्या धुळीत आम्हा सगळ्यांनाच लागतो. पण त्यांचा पलंग खिडकीला लावलेला होता, पाठीशी उशांची चळत, आणि त्या चळतीत काकी अगदी एवढ्याशा दिसत होत्या. उशाला कागदाची एक पुडी होती; त्या दिवशी अर्धा पेढा कुणासाठी बांधून ठेवला होता ते आता कळलं.

"ये रे झिला," त्या म्हणाल्या. "दिवसभर तुजा भांडान ऐकतंय खिडकेतसून. बरां वाटतां. काल त्या गिऱ्हायकाक बरो झोडलंस." मग त्यांची नजर माझ्या बगलेतल्या पेपरावर गेली. "तू पेपर वाचतंस मां? आमचो तो डोंगरावरचो राज्यपाल कसो असा?"

काकींच्या मागे केळुसकर उभे होते. त्यांनी नुसती नकाराची मान हलवली, अगदी थोडी. बढाया मारणारा, वांग्यांची मुदत ठरवणारा माणूस; त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"ठणठणीत आहेत, काकी," मी म्हटलं. "काल कसल्याशा पुलाचं उद्घाटन केलं. चालत पार पलीकडे गेले."

"बघा," काकी नवऱ्याला म्हणाल्या.

केळुसकर मला ओट्यापर्यंत सोडायला आले. पेपर माझ्या हातातून घेऊन त्यांनी बातमी वाचली आणि घडी करून स्वतःच्या सदऱ्यात घातली.

"डॉक्टर म्हणाले होते, फार दिवस नाहीत," ते म्हणाले. "त्याच आठवड्यात हा राज्यपाल पेपरात दिसला, काठी टेकत डोंगर चढताना. ही म्हणाली, तो खुर्चीत आहे तोवर मी खिडकीत. आणि दोन दिवसांनी तुम्ही आलात खोली मागायला."

"मग तसं सांगायचं!"

"काय सांगू? ती गेल्यावर घ्या? तोंडातून निघेना, शेठ. म्हणून राज्यपाल सांगितला."

मला असा राग आला की तो कुठे ठेवावा कळेना. दुकानात येऊन पहिल्या गिऱ्हाइकाला त्यानं मागितला त्या भावात नळ देऊन टाकला. माझ्या आयुष्यात असं झालेलं नाही. संध्याकाळी देवळात जाऊन नारळ बोललो. कुणासाठी? ज्याला मी कधी बघितलं नाही आणि ज्याला मत द्यायची सोयसुद्धा नाही, अशा एका राज्यपालासाठी. पुढचे काही दिवस पेपरवाल्याला मी गल्लीच्या तोंडाशीच गाठत होतो.

म्हातारा उठला. झेंडावंदनाचा फोटो आला: शाल गुंडाळलेली, काठी हातात, पण उभा. माझ्या छातीवरून लोखंडी पाइपांची गाडी उतरली. तो पेपर मी स्वतः नेऊन काकींच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "माज्यापेक्षा बारीक झालो."

आणि मग, माझी घाई पार संपलेली असताना, दिल्लीला जाग आली. नवा नेमला. शपथ झाली. त्याच दुपारी केळुसकर माझ्या दुकानाच्या पायरीवर आले. धुतलेला सदरा घातलेला, हातात चावी.

"शब्द म्हणजे शब्द," ते म्हणाले. "गवंड्याला बोलवा. फक्त हिला कसं सांगायचं तेवढं..."

इतक्यात खिडकीचा पडदा सरकला. "रेडिओर ऐकलंय मी," आतून काकी म्हणाल्या. "गेलो मां तो?"

केळुसकरांनी चावी मुठीत लपवली.

"जितो असा मां?"

"असा," केळुसकर म्हणाले. "घराक गेलो. बरो असा."

"सुटलो बिचारो! ह्या वयात किती दिवस सलाम घेऊन उभ्यान रवतलो?" आणि खिडकीतून हसण्याचा आवाज आला, खोकला नसलेला. केळुसकर माझ्या पायरीवरच बसले. मी त्यांना चहा मागवला.

चहा झाल्यावर त्यांनी पुन्हा चावी पुढे केली. मी सौद्यातला माणूस आहे. बघितलं, आणि हात मागे घेतला.

"नवा आला त्याचं वय काय?"

"बासष्ट."

"सबंध देशात त्याच्यापेक्षा लहान आहे कोणी?"

केळुसकरांनी डोळे मिटले. एकेक राज्य पुटपुटत दक्षिणेकडून वर आले. "नाही. हाच सगळ्यांत कोवळा."

"मग हाच. हा जाईल तेव्हा चावी. आणि ह्या वेळी नवा येईपर्यंतचं ते कलमही धरून."

"शेठ, ह्याची पाच वर्षं पूर्ण आहेत."

"मला घाई नाही. चावी खिशात ठेवा, नाहीतर माझा विचार बदलेल."

तर असा हा माणूस. माझे पाइप अजून फुटपाथवर आहेत, लोक अजून ठेचकाळतात, मी अजून शिव्या खातो आणि देतो. खिडकीतून कोणीतरी ते ऐकत असतं, म्हणून हल्ली जरा जोरात देतो. खोलीचं मी सोडून दिलं. पण एका गोष्टीचा जाब मी केळुसकरांना विचारणार आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत सोडणार नाही. त्या पहिल्या दुपारी, चहाचा कप माझ्या हातात देताना, "बायको आजारी आहे" एवढे तीन शब्द त्यांना माझ्यासमोर का बोलता आले नाहीत? कुठल्यातरी डोंगरावरचा राज्यपाल मध्ये का घालावा लागला? काय समजले होते ते मला? सांगा, काका. मला उत्तर पाहिजे.